तिरका काप

कँटीनच्या मोठ्या थाळ्यात उकडलेली अंडी कापून मांडली होती आणि एकाही तुकड्यात धड पिवळं दिसत नव्हतं. सगळीकडे पांढऱ्याचा जाडजूड काठ आणि मधे टिकलीएवढं पिवळं. वायूवाला म्हणाला, हल्ली कोंबड्यांनीही हात आखडता घेतलाय. टेबलावरचे हसले. कँटीनवाल्याला ते लागलं. त्यानं खुलासा केला की यात कोंबड्यांचा काही दोष नाही, अंडी कापायचा तारांचा साचा आहे ना, त्याची खाच सकाळपासून सरकलीय, म्हणून तार मधून न जाता कडेनं जातेय. पिवळं आहे तेवढं आहेच, मोठ्या तुकड्याच्या पोटात दडलंय, वरून दिसत नाही एवढंच. स्फटिकबाईनं अंड्यात काटा खुपसलेला होता. तो तिनं तसाच ठेवून दिला. थाळ्याकडे बघत ती म्हणाली, "सगळी सारखीच." वायूवाल्याला वाटलं, ती तक्रार करतेय. तो म्हणाला, "हो ना, एक चुकलं असतं तर कुणाच्या लक्षात तरी आलं असतं." तो आपला सहज बोलून गेला आणि पावाकडे वळला. ती उठली. पाण्याचा पेला कुणाचा तरी, तो पिऊन टाकला आणि जिन्याकडे चालू लागली.

त्या संस्थेत माणसांना त्यांच्या कामावरूनच हाक पडे. ज्वालामुखी डोंगराच्या तोंडातून निघणारा धूर मोजणारा तो वायूवाला, जमिनीची थरथर ऐकत बसणारी ती कंपवाली, आणि ही स्फटिकबाई. डोंगराला सगळे आजोबा म्हणत. आजोबा घोरतायत, आजोबांनी कूस बदलली, आजोबांचं पोट फुगलंय. बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटे, पण रोज ज्याच्या पायाशी जीव मुठीत धरून बसायचं त्याच्याशी काहीतरी नातं लावल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. बाकीचे दोघं आजोबांचं आज काय चाललंय ते बघत. हिचं काम मागचं. मागच्या खेपेला आजोबा फुटले तेव्हा बाहेर पडलेल्या दगडात हिरवट स्फटिक होते, डाळीच्या दाण्याएवढे. ते खाली शिलारसात वाढलेले, थरावर थर चढवत. एक दिवस खोलातून नवा, जास्त तापलेला शिलारस वर आला, जुन्यात मिसळला, आणि त्या दिवसापासून स्फटिकावर चढणारा थर वेगळा झाला. आतला थर आणि बाहेरचा थर यांच्यामधली रेघ सुरुवातीला अगदी स्वच्छ असते. मग आतबाहेरचं लोह आणि मॅग्नेशियम हळूहळू एकमेकांत झिरपत जातं, ओल्या कागदावर शाईची रेघ पसरावी तसं, आणि रेघेचा पट्टा होतो. डोंगर फुटला, दगड थंड झाला, की झिरपणं थांबलं. म्हणजे पट्टा जितका रुंद, तितका वेळ नवा शिलारस आल्यापासून डोंगर थांबला होता. ती हा पट्टा मोजत असे. एवढंच तिचं काम, आणि त्याच्यावर तिनं अर्धं आयुष्य घातलं होतं. नातेवाइकांना अजूनही वाटे की ती दागिन्यांतल्या खड्यांचं काहीतरी करते.

हा पट्टा पहिल्यांदा मोजला तो तिला शिकवणाऱ्या सरांनी. त्या काळी अशी यंत्रं नव्हती. सरांनी एकट्यानं दगडाचा ठोकळा कापला, त्याच्या पातळ चकत्या घासून काचेवर चिकटवल्या, एकेक स्फटिक डोळ्यांत तेल घालून मोजला आणि सांगितलं की नवा शिलारस आल्यानंतर आजोबा पाच महिने थांबले होते. त्या उत्तराची किंमत एवढी की त्यांच्या ठोकळ्यातला प्रत्येक स्फटिक तेच सांगत होता. एवढं एकमत या विद्येत कुणी बघितलं नव्हतं. त्याला सगळे सरांचा आकडा म्हणू लागले. डोंगराखालच्या शहराची सगळी योजना त्या आकड्यावर उभी होती. धूर बदलला, जमीन फुगली, म्हणजे नवा शिलारस आला असं समजायचं. पहिला महिना नुसतं लक्ष ठेवायचं, दुसऱ्यात रुग्णालय आणि वृद्धाश्रम सावकाश हलवायचे, मग शाळा, मग बाकीचे. सावकाश, कारण सरांच्या आकड्याआधी एकदा शहर घाईनं रिकामं केलं होतं. त्या वेळी डोंगर फुटला नाही, आणि रुग्णालयातली दोन म्हातारी माणसं गाडीत, वाटेतच गेली. ती गोष्ट शहर विसरलं नव्हतं. सरांच्या आकड्यानं लोकांचा जीव भांड्यात पडला होता. आणि आता गेल्या आठवड्यात वायूवाल्याच्या आलेखानं एकदम उडी मारली होती, आजोबांची कूस बोटभर फुगली होती, आणि कुणाचंही धाबं दणाणलं नव्हतं. उद्या आपत्ती कार्यालयात बैठक होती. बैठकीच्या सुरुवातीला सरांचा सत्कार होता.

सत्काराच्या वेळी टेबलावर मांडायला एक नवी, देखणी चकती हवी म्हणून तिनं सरांचा जुना ठोकळा कपाटातून काढला होता. त्याची एक बाजू कापून कापून संपलेली, म्हणून तिनं दुसऱ्या बाजूनं कापला. गंमत म्हणून पट्टा मोजला तर तो अरुंद निघाला. तिला वाटलं, यंत्र बिनसलंय. यंत्र तपासलं. मग वाटलं, आपणच बिनसलोय. दुसरे स्फटिक मोजले, तिसरे मोजले, आणि रोज संध्याकाळी घरी जाताना स्वतःची समजूत घातली की उद्या नीट बघू. खरं तर तिरका काप हा धडा ती दर वर्षी नव्या मुलांना शिकवी. पट्ट्याला आडवं, काटकोनात कापलं तर तो खरा दिसतो, तिरकं कापलं तर फसवा रुंद दिसतो. आणि पट्टा तिप्पट रुंद दिसला की काळ तिपटीवर थांबत नाही, नऊपट होतो. म्हणून पुष्कळ स्फटिक घ्यायचे. कुणी तिरका कापला जाईल, कुणी सरळ, उत्तरं वेगवेगळी येतील, त्यावरूनच चूक कळेल. सरांची उत्तरं तर सगळी एक होती. तिथे शंका घ्यायला कुणाला जागाच उरली नव्हती. आता कँटीनमधून वर आल्यावर तिनं ठोकळा तळहातावर घेतला, खिडकीशी नेला आणि नुसत्या डोळ्यांनी बघितला. लाव्हा वाहताना त्यातले स्फटिक प्रवाहाच्या दिशेनं आडवे झाले होते, सगळे एकाच अंगावर, वसतिगृहात झोपलेल्या पोरांसारखे. सरांनी ठोकळा ज्या बाजूनं कापला त्या बाजूनं त्यातला एकेक स्फटिक तिरकाच कापला गेला होता, आणि सारखाच तिरका. इतकी वर्षं ते सगळे एकमतानं चुकत होते. तिनं पुन्हा हिशेब केला. दोन आठवडे, फार तर तीन. त्यातला एक जाऊन बसला होता.

तिला प्रयोगशाळेत बसवेना. पिशवीत लॅपटॉप घालून ती रस्त्यावर आली. सरांचं घर चालत जाण्याजोगं होतं. दुकानांच्या पाट्या, सायकली, बँकेच्या पायरीवर सावलीला बसलेला पहारेकरी. सगळं नेहमीचं होतं आणि तिला त्याचा राग आला. एका औषधाच्या दुकानातून स्पिरिटचा वास आला आणि तिच्या पावलांचा वेग आपोआप कमी झाला. त्या वासात तिची आई होती. डॉक्टर चांगला होता, खोटं बोलणारा नव्हता. त्यानं छायाचित्रं उजेडासमोर धरली, गाठीची वाढ मोजली, आणि बाहेर बाकावर तिच्या शेजारी बसून म्हणाला की तीन-चार महिने आहेत, तुमची कामं उरकून निवांत या. निवांत हा शब्द तिला अजून ऐकू येई. आईसुद्धा म्हणाली, जा गं, तुझे दगड वाट बघत असतील, मी काय कुठे पळून जातेय. ती परत आली, चकत्या घासत बसली, आणि दुसऱ्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला, आई गेल्याचा. तिनं डॉक्टरला कधी दोष दिला नाही. मोजणाऱ्याचं चुकतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिचा राग एका शब्दावर होता. महिने. किती भरपूर वाटतो तो शब्द. कानावर पडला की माणूस चपला घालायचा थांबतो. तिला आईचे पाय आठवले, निघताना बघितलेले, पांघरुणाबाहेर आलेले, आणि ते झाकायचे राहिले ही गोष्ट तिला इतक्या वर्षांनी, रहदारीच्या मध्ये, पुन्हा नव्यानं खुपली.

पण सरांना सांगायचं कसं? चौक ओलांडताना ती वाक्यं जुळवू लागली. सरांच्या आकड्यात थोडी भर घालावी असं वाटतं. काही नव्या नोंदींनुसार कालावधी कमीही असू शकतो. तळटीप म्हणून बारीक अक्षरांत घालता येईल. सत्कार होऊन जाऊ दे, मग परवा प्रमुखबाईंच्या कानावर घालू. आपत्ती कार्यालयाच्या प्रमुखबाई शहाण्या होत्या, सांभाळून घेतील. एकेक वाक्य तयार झालं की तिला बरं वाटे आणि पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत पोचता पोचता त्याची शरम वाटे. सरांनी तिला हात धरून शिकवलं होतं. अगदी शब्दशः. चकती घासताना अंगठा किती दाबायचा हे सांगून कळत नाही, म्हणून त्यांनी तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून तिला ते घासणं शिकवलं होतं, आणि म्हणाले होते, घाई करशील तर स्फटिक उडेल, आळस करशील तर आत काही दिसणार नाही. तिच्या लग्नात ते आले तेव्हा भेट म्हणून भिंग घेऊन आले. नवरा अजून त्याची थट्टा करी. वडील लहानपणी गेलेल्या मुलीला असा माणूस भेटला की ती त्याला काय मानते हे तोंडानं बोलायची गरज नसते. आणि उद्या त्याच माणसाला सगळ्या गावासमोर तोंडघशी पाडायचं? बरं, आपलंच चुकलं तर? नवे मोजलेले स्फटिक मूठभर, आणि रुग्णालयातली माणसं शे-दीडशे. पुन्हा कुणी वाटेत गेलं तर त्यांच्या घरच्यांना काय सांगायचं, की एका बाईनं ठोकळा दुसऱ्या बाजूनं कापला म्हणून?

दार काकूंनी उघडलं. त्यांना तिला बघून आनंद झाला आणि त्यांनी तिला लगेच कामाला लावलं. उद्याचा कोट सरांच्या अंगावर होता, तो खांद्यात ढगळ वाटतो का हे बघायचं होतं. वाटत होता. सर गेल्या वर्षात खूप वाळले होते, कोटाच्या आत नुसते उभे होते. ती म्हणाली, छान दिसतोय. काकू म्हणाल्या, तुला काय विचारायचं, तुला सरांचं सगळंच छान दिसतं. सर हसले आणि सांभाळत खुर्चीत बसले. उद्या फार बोलणार नाही म्हणाले, पाच मिनिटं, त्यात चार मिनिटं त्या जुन्या ठोकळ्याबद्दल. मग चहा आला. तिनं कप हातात धरला आणि काकूंच्या कुंडीतल्या झाडाची चौकशी केली, सरांच्या गुडघ्याची केली, आणखी कशाची करावी ते सुचेना. सरच म्हणाले, "वायूवाल्याचा आलेख बघितलास का? आजोबा उठतायत बरं का. पण घाबरायचं कारण नाही. आपल्या हातात महिने आहेत."

"सर," ती म्हणाली, "महिने नाहीत."

एकदा सुरुवात झाल्यावर तिनं सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, कँटीनमधल्या अंड्यांसकट. सरांनी मधे तोंड घातलं नाही. तिचं झाल्यावर त्यांनी परीक्षेत विचारत तसे प्रश्न विचारले, त्याच कोरड्या आवाजात. नवे स्फटिक किती? पट्टा काटकोनातच कापला गेलाय हे कशावरून? तापमान कुठलं धरलंस? तिनं उत्तरं दिली. स्फटिक थोडे आहेत हे तिनं आपणहून पुन्हा सांगितलं. मग सरांनी विचारलं की जुन्या बाजूचा तिरकेपणा धरून जुनी मापं दुरुस्त केली तर काय येतं. तेही तिनं करून बघितलं होतं. तेच येत होतं, दोन ते तीन आठवडे. काकू चहाचा ट्रे घेऊन मधेच उभ्या राहिल्या होत्या. त्यांना स्फटिकातलं काही कळत नसलं तरी नवऱ्याच्या चेहऱ्यातलं सगळं कळत होतं.

"माझ्या नावावर एवढंच होतं गं," सर म्हणाले.

ही तक्रार नव्हती, आणि म्हणूनच तिला ती सहन होईना. माहीत आहे, एवढंच ती म्हणू शकली. तिनं लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढे सरकवला. पडद्यावर नव्या चकतीतला स्फटिक होता, हिरवा गाभा, फिकट काठ, आणि मधे तो अरुंद पट्टा. सर टेबलाची कड धरून पुढे झुकले आणि बराच वेळ तसेच राहिले. खाली रस्त्यावर कुणाचं तरी वाहन सुरू होत नव्हतं, पुन्हा पुन्हा घरघरून बंद पडत होतं. आपण हे असं बोलायला नको होतं, असं तिच्या मनात आलं. दुसऱ्या कुणाला तरी पाठवायला हवं होतं. लगेच हेही आलं की दुसरं कुणी नाही. सर मागे टेकले आणि त्यांनी मान हलवली.

"उद्या मी येत नाही."

काकूंनी ट्रे खाली ठेवला. "अहो, पण सगळ्यांना सांगून झालंय."

"मी समोर बसलो तर ही अर्धंच सांगेल. मी हिला ओळखतो." मग तिच्याकडे वळून ते म्हणाले, "आणि तू तरी उद्याची वाट का बघतेस? बैठकीचं आमंत्रण आजोबांनाही गेलंय का?"

प्रमुखबाईंनी फोन लगेच उचलला. तिला वाटलं होतं, निदान चार घंटा वाजतील, तेवढ्यात वाक्य जुळवता येईल. ती म्हणाली की थोडी नवी माहिती हाती आली आहे, सरांच्या आकड्यात जराशी सुधारणा करावी लागेल असं दिसतंय. सरांनी टेबलावर बोटानं टकटक केली. तोंडी परीक्षेत मुलगा गोल गोल बोलायला लागला की ते अशीच टकटक करत. ती खिडकीकडे तोंड करून सांगू शकली असती, पण तिनं सरांकडे बघूनच सांगितलं.

"सरांचा आकडा चुकीचा आहे. महिने नाहीत, आठवडे आहेत. दोन, फार तर तीन. त्यातला एक गेला."

मग प्रमुखबाईंनी विचारलं की मागच्या वेळची ती दोन माणसं तुम्हाला आठवतायत ना. तिला आठवत होती. त्यांनी विचारलं, खात्री किती. ती म्हणाली की डोंगर फुटेलच असं मी सांगू शकत नाही, ते कुणीच सांगू शकत नाही. पण फुटायचा असेल तर तो पाच महिने थांबेल असं मानायला आता काही आधार उरलेला नाही. तिला बाईंची कीव आली. तिला नुसतं बोलायचं होतं, माणसं उचलून गाडीत घालायचा हुकूम त्यांना द्यायचा होता. शेवटी त्यांनी तेच विचारलं जे तिनंही विचारलं असतं. "सरांना हे माहीत आहे का? ते काय म्हणतात?"

तिनं फोन सरांपुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला नाही, नुसते पुढे वाकले.

"रुग्णालयाच्या गाड्या उद्या सकाळीच निघू द्या," सर म्हणाले. "प्रत्येक गाडीत डॉक्टर बसवा, सावकाश चालवा, पण निघू द्या. पाच महिने मीच सांगितले होते. ते धरू नका आता."

फोन बंद होण्याआधी प्रमुखबाई कुणाला तरी हाका मारताना ऐकू आल्या, खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मग खोलीत तिघंच उरले. काकूंनी सरांच्या अंगावरचा कोट काढला, एक बाही, मग दुसरी, लहान मुलाचा काढावा तसा, आणि तो हातावर घेऊन त्या आत गेल्या. कोटाशिवाय सर आणखीच लहान दिसू लागले. तिला त्यांच्याशी बोलायचं होतं. क्षमा मागावी असं काही तिनं केलं नव्हतं, आणि तरी ती मागावीशी वाटत होती. तिला आईचीही आठवण येत होती, पण मघाच्यासारखी खुपत नव्हती. आपण आज परत प्रयोगशाळेत गेलो नाही, एवढंच ती स्वतःशी म्हणत राहिली.

सरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा उतरवला आणि दोन्ही काचा नीट पुसल्या. मग लॅपटॉप आपल्याकडे ओढून ते म्हणाले, "हं. आता दाखव तो स्फटिक. मघाशी डोळ्यांत पाणी होतं, मला काही दिसलंच नाही."